चारने जास्त

धुळे,
२ एप्रिल १९९२

चि. पितांबर यास,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात तू आमच्या बोर्डिंगच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मेमरीचं जे कार्ड बसवून गेलास, त्याबद्दल एक प्रश्न आहे आणि मला सरळ उत्तर हवं. मशीन स्वतःहून आकडे बदलू शकतं का?

परवा बोर्डिंगच्या मुलांच्या सराव परीक्षेसाठी बैठक क्रमांकांची यादी केली. सकाळी छापून पाहिली, ठीक होती. जेवून आलो, यादी नावांच्या क्रमाने लावून पुन्हा छापली, आणि पेपरच्या वेळी दोन पोरं एकाच बाकावर भांडत बसली. दोघांच्या हातात पस्तीस. सकाळच्या कागदावर एकाचा नंबर स्वच्छ एकतीस आहे. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यात तुझ्यासारखी ढोरं माणसात आणली, तेव्हा एकतीस आणि पस्तीस मला वेगळे ओळखता येतात.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण याच मशीनवर, तुझं कार्ड बसवल्यानंतर, मी आमच्या समाजाच्या परिवार-पुस्तिकेचा गोत्रतक्ता काढला. तुला तो काय ते ठाऊक नसेल, सांगतो. आमच्यात सोयरीक करताना चार गोत्रं टाळतात. स्वतःचं, आईचं, आजीचं म्हणजे वडिलांच्या आईचं, आणि नानीचं म्हणजे आईच्या आईचं. मुलाच्या चारांतलं एकही मुलीच्या चारांत यायला नको. मी प्रत्येक गोत्राला नंबर दिला आणि प्रत्येक घरापुढे त्याच क्रमाने चार नंबर छापले. दोन घरांच्या ओळी शेजारी ठेवल्या की काम झालं. फेब्रुवारीत पुस्तक निघालं, लोकांनी वाहवा केली.

आणि पहिला घाव माझ्याच घरात बसला. माझी भाची चंदन, दोंडाईच्याच्या सुगनचंदची मुलगी. भडगावच्या रुपचंदजींच्या मुलाशी तिची सगाई दिवाळीनंतर झाली होती. मी पुस्तक घेऊन मोठ्या तोऱ्यात बहिणीकडे गेलो, म्हटलं बघा कसं सोपं करून ठेवलंय. दोन ओळी शेजारी ठेवल्या. मुलाच्या नानीचा नंबर १७, आणि चंदनचं स्वतःचं गोत्र १७. बोलणी झाली तेव्हा त्या नानीचं, पानबाईंचं, गोत्र दुसरंच सांगितलं होतं. पण पानबाई मारवाडातून आलेल्या आणि मुलाची आई लहान असतानाच वारलेल्या. खात्रीने सांगणारं कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, पुस्तकात आहे ते खरं. रुपचंदजींना पत्र मीच लिहिलं. ते भले गृहस्थ, म्हणाले गुरुजींचं आणि शिवाय कॉम्प्युटरचं, आम्ही कोण बोलणार. सगाई मोडली.

आता ऐकतो की आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच मेला, ते दुसऱ्या घरचा सगाईचा नारळ घेणार आहेत. म्हणजे मला एक महिना आहे.

मूळ यादी मी तीनदा तपासली होती. पण ती कार्ड बसवण्याआधी. नंतर फक्त क्रमाने लावली आणि छापायला दिली. आणि घराघरांतून आलेले फॉर्म म्हणशील तर ते मी लाल पेन्सिलीने टिक करून ज्याचे त्याला परत पाठवले. तपासलेला पेपर ज्याचा त्याला द्यायचा, ही माझी जन्माची खोड. रुपचंदजींकडे त्यांचा फॉर्म मागायचा तर मला शंका आहे हे सांगावं लागेल, आणि नुसत्या शंकेवर मी त्यांच्या दारात जाणार नाही. एकदा त्या घराला मी खात्रीने दुखावलंय.

तुला ट्रंक कॉल करावा तर पोस्टात दहा माणसांसमोर ओरडायला नको, म्हणून लिहितो. लगेच उत्तर दे.

तुझा,
ज्ञानचंद


जळगाव,
७ एप्रिल १९९२

आदरणीय सर यांस,
पितांबरचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र काल मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. चंदनताईंना मी कार्ड बसवायला आलो तेव्हा एकदा आपल्या घरी पाहिलं होतं, त्यांनीच पोहे आणून दिले होते.

सर, मशीन स्वतःहून आकडे बदलत नाही. बहुतेक टाइप करतानाच बोट चुकलं असेल, किंवा प्रिंटरची रिबन झिजली असेल. तरी आपल्या समाधानासाठी एवढं करून पाहावं. प्लग काढून ठेवा. लोखंडी कपाटाला एकदा हात लावा म्हणजे अंगातली वीज उतरेल. मग झाकण उघडून ते कार्ड सरळ वर ओढून काढा. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या आहेत, त्या पेन्सिलच्या मऊ खोडरबराने पुसा. शाईचा खरखरीत रबर नको. नंतर कार्ड टेबलावर ठेवून त्यावरची एकेक काळी चिप अंगठ्याने दाबा. आपल्याकडच्या उन्हात चिपा दिवसभर तापतात, रात्री निवतात, आणि असं होता होता आपल्या जागेतून केसभर वर सरकतात. टक् असा आवाज आला तर ती चिप वर आलेली होती असं समजा.

मी स्वतः आलो असतो, पण लग्नसराई आहे. दुकानात टीव्ही आणि व्हीसीआर मिळून तेरा सेट येऊन पडलेत आणि कारागीर सुटीवर गेलाय. पाटलांच्या घरचा व्हीसीआर तर हळदीच्या आत द्यायचाय.

आपण काळजी करू नये. सौ. आणि आईचा नमस्कार.

आपला विद्यार्थी,
पितांबर बोरसे


धुळे,
११ एप्रिल १९९२

चि. पितांबर,
आशीर्वाद.

तू म्हणतोस तसं सगळं केलं. शिपाई सुपडू दिवा धरून उभा, आणि मी या वयात खोडरबराने पट्ट्या घासतोय. पंचेचाळीस चिपा दाबल्या, नऊ नऊच्या पाच ओळी. सात टक् झाल्या. सुपडू म्हणाला, "सर, या ते बठ्ठ्या ढिल्या व्हयेल शेत." मला वाटलं सापडलं दुखणं. कार्ड परत बसवलं, सकाळी यादी छापली, एकही चूक नाही. सुपडूला चहा पाजला.

दुपारी अडीचला तीच यादी पुन्हा क्रमाने लावून छापली. तेव्हा दोन चुका. सुपडूने मशीनच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन काढला. "हाई डबं तपी जायेल शे सर, तव्यासारखं." त्याला शाळा चौथीपर्यंत झाली आहे, पण तुझ्यापेक्षा जास्त कामाचं बोलला. सकाळी शहाणं आणि दुपारी वेडं, असं हे मशीन आहे. आता मला सांग, टाइप करताना माझं बोट चुकलं असतं तर सकाळी पण चुकायला नको का? आणि रिबन मी मार्चमध्येच नवीन घातली. तेव्हा यापुढे रिबनचं नाव काढू नकोस.

परवा बहीण आली होती. चंदन महिन्याभरात सुकून गेली म्हणाली. भडगावहून आलेली साडी तिने स्वतः घडी घालून परत पाठवायला दिली आणि तेव्हापासून घरातलं कुठलंही काम सांगितलं की उठते आणि करते. बहीण माझ्यासमोर बसली, पाणी प्यायली, आणि गेली. मला तिच्या शिव्या चालल्या असत्या.

पितांबर, मी पुस्तक अजून खोटं म्हणत नाही. पण मला आता झोप नाही. लग्नसराईचं मला सांगू नकोस, पुढे काय करायचं ते सांग.

ज्ञानचंद


जळगाव,
१६ एप्रिल १९९२

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

रिबनबद्दल चुकलो. माफ करावं.

एक प्रयोग करून पाहू. मशीन सकाळी सुरू करून पंखा बंद, खिडक्या बंद, असं दोन तास तापू द्या. मग नावांच्या जागी प्रत्येक ओळीत फक्त शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे सलग घाला. एक ओळ टाइप केली की तिचीच नक्कल करत हजारभर ओळी होतील. यादी क्रमाने लावा आणि छापा. सगळ्या ओळी सारख्याच असायला हव्यात. जी ओळ वेगळी दिसेल तिच्यात कुठल्या आकड्याचा कुठला आकडा झाला ते मला लिहून पाठवा. सात-आठ नमुने मिळाले तरी पुरे.

आणि सर, एक विचारतो, रागावू नका. गोत्रतक्ता छापायला दिला तेव्हा त्यात कुठे आकड्याऐवजी भलतंच चिन्ह दिसलं होतं का? म्हणजे गणितात आपण 'पेक्षा लहान' दाखवायला काढतो तसं, किंवा 'बरोबर'चं चिन्ह?

मला एक शंका आहे, पण आपल्या उत्तराशिवाय बोलत नाही.

आपला,
पितांबर


धुळे,
२१ एप्रिल १९९२

पितांबर,

बंद खोलीत दोन तास बसलो. सुपडूने दोनदा येऊन पाहिलं की मी आहे की गेलो. नमुने घे.

शून्याचा चार झाला. एकाचा पाच. दोनचा सहा, तीनचा सात. चार, पाच, सहा, सात यांना कुठेच धक्का लागलेला नाही. आठाच्या जागी तुझं ते 'पेक्षा लहान'चं चिन्ह आलं. नवाच्या जागी 'बरोबर'.

हजार ओळींत चुकलेल्या सोळा. पण चुकली तिथे प्रत्येक वेळी हेच. चारने जास्त. मग उठून गोत्रांची यादी काढली. रुपचंदजींकडे बोलणी झाली तेव्हा पानबाईंचं जे गोत्र त्यांनी सांगितलं होतं, त्याचा माझ्या यादीतला नंबर १३ आहे. पुस्तकात १७ छापलंय. तीनचा सात.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, दिसलं होतं. तक्त्याच्या कागदावर दोन ठिकाणी २ च्या पुढे ते चिन्ह होतं. मी समजलो ठसा फाटलाय. दोन्ही घरं माझ्या ओळखीची, मी पेनने आठ लिहिला आणि कागद छापखान्यात दिला. एकदाही मनात आलं नाही की आठ असा फाटेल कसा. परीक्षेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. मशीन मला दोनदा ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं शुद्धलेखन तपासत बसलो. हे मी तुला आधी लिहिलं नाही कारण लाज वाटली.

मी माझ्या भाचीचं लग्न मोडलं, पितांबर. हे मला सरळ लिहू दे.

आणि एक गोष्ट. कॉम्प्युटरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी या चार दिवसांत शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात लिहिलंय की मेमरीत बिघाड झाला तर मशीन आपणहून जागीच थांबतं आणि पडद्यावर तसं सांगतं. पुढे एक शब्द जाऊ देत नाही. मग आमचं मशीन का थांबलं नाही? पंधरा दिवस तू मला खोडरबर आणि रिबन सांगतोयस. तुला काय माहीत आहे ते मला कळव. आखातीजेला चौदा दिवस उरले.

ज्ञानचंद


जळगाव,
२५ एप्रिल १९९२

आदरणीय सर,

आपलं पत्र आईला वाचून दाखवलं. मी का वाचून दाखवलं कोण जाणे, बहुतेक मला कोणीतरी ढकलायला हवं होतं. ती म्हणाली, "बठ्ठं सांगी टाक मास्तरले. काय मारी टाकतीन का तुले?" म्हणून सांगतो.

ते कार्ड नवीन नव्हतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जुनं घेतलं होतं, मशीनमधून काढलेलं. आपल्याला नवीन म्हणून दिलं. माझं कॉम्प्युटरचं ते पहिलंच काम होतं, आणि आपल्याच ऑफिसात करायचं म्हणून मला ते कसंही करून हवं होतं.

कार्डावर प्रत्येक ओळीत नऊ चिपा आहेत हे आपण मोजलंतच. त्यातल्या आठ आकडा सांभाळतात. नववी फक्त पाहते की आठांनी जे घेतलं तेच परत दिलं की नाही. नाही जमलं तर मशीन थांबतं, पुस्तकात लिहिलंय तसंच. डिसेंबरात बसवून झाल्यावर तासाभरातच मशीन तसं थांबलं होतं. आपण जेवायला गेला होतात. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. कार्डावर एक नखाएवढी टोपी असते, ती काढली की नववीचं पाहणं बंद होतं. मी ती काढली. मशीन मग थांबलं नाही. आपण आलात, पडदा पाहिलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि सुपडूला म्हणालात, हा माझा विद्यार्थी. ती टोपी अजून माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

यापेक्षा वाईट पुढे आहे. क्रम लावण्याआधीची यादी आपण दोन फ्लॉप्यांवर उतरवून मला जपून ठेवायला दिली होती. त्या माझ्याकडेच आहेत. आपलं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी त्या पाहू शकलो असतो. पाहिल्या असत्या तर कार्ड खराब हे नक्की झालं असतं, म्हणून पाहिल्या नाहीत. मनाला सांगत राहिलो की एखादी चिप ढिली असेल, दाबली की भागेल.

काल इथल्या एका क्लासमधल्या चांगल्या मशीनवर त्या चालवल्या. सगळी यादी छापून आणली. आपण भेट दिलेली परिवार-पुस्तिका समोर ठेवली. सौ. एकेक आकडा वाचत गेली, मी खुणा करत गेलो. दिवस गेला. सर, नऊशे घरांत बेचाळीस ठिकाणी फरक आहे. प्रत्येक ठिकाणी एकाच आकड्याचा, चारनेच. क्रम लावताना ज्या आकड्याला त्या खराब चिपेतून जावं लागलं तेवढाच बिघडला, बाकीचे सुटले. मला नावं आणि गोत्रं कळत नाहीत, म्हणून घराचा नंबर, ओळीतली जागा, छापलेला आकडा आणि खरा आकडा अशी यादी सोबत जोडली आहे. भडगावचं घर नंबर ४१२. चौथा आकडा. छापलेला १७, खरा १३.

मी आपल्याबरोबर भडगावला येतो. रुपचंदजींसमोर उभं राहून मी सांगतो की चूक माझी. आपण फक्त हो म्हणा.

पितांबर


[पोस्टकार्ड]

धुळे,
२८ एप्रिल १९९२

श्री. पितांबर बोरसे यांस,

आपलं पत्र आणि यादी मिळाली. आपण येण्याची गरज नाही. मी १ मे रोजी भडगावला जात आहे. ते कार्ड काढून कपाटात ठेवलं आहे.

ज्ञानचंद


धुळे,
७ मे १९९२

चि. पितांबर,
आशीर्वाद.

त्या पोस्टकार्डावर तुला 'श्री.' आणि 'आपण' लिहिलं. लिहिताना बरं वाटलं होतं, टाकल्यावर वाटलं नाही.

काय झालं ते सांगतो. एक तारखेला सकाळच्या एसटीने भडगावला उतरलो. रुपचंदजी दुकानात होते. मला पाहून उठले, पण पूर्वीसारखे पुढे आले नाहीत. गादीवर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "रुपचंदजी, तुमचा फॉर्म काढा. मी लाल टिक करून परत पाठवलेला." ते म्हणाले, "गुरुजी, आता ते उकरून काय करायचं? चार दिवसांवर नारळ आहे." मी म्हटलं, "माझं पुस्तक चुकलंय."

दुकानात तिघे-चौघे होते, तूर दाखवायला आलेले. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, त्यांनाही ऐकू जाईल असं.

पाकीट त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. पोस्टाचा शिक्का, माझं अक्षर, जसं आलं तसं कपाटात. त्यांनी मलाच उघडायला दिलं. नानीच्या रकान्यात त्यांच्या घरच्यांनी सांगितलेलंच गोत्र होतं, त्यावर माझी लाल टिक. मी तुझ्या यादीतली त्यांच्या घराची ओळ, तुझ्या त्या प्रयोगातल्या आकड्यांच्या ओळी, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. आकड्यांत त्यांनी लक्ष घातलं नाही. त्या टिकेकडे बघत राहिले. आतून मुलाची आई आली. तिला कळलं तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "म्हणजे माझी आई खरी होती." मला तिच्याकडे बघवेना.

तुझं नाव मी घेतलं नाही. त्यांनी विचारलं कसं झालं, मी सांगितलं की मशीन तापलं आणि मी तपासलं नाही. दोन्ही खरं आहे.

दुसरीकडची बोलणी नारळापर्यंतच आली होती, ती त्यांनी त्याच दिवशी माणूस पाठवून थांबवली. काल त्यांच्या घरचे चौघे दोंडाईच्याला जाऊन आले. लग्न सात जूनला धरलंय. चंदन मला भेटली. पाया पडली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही किती वाळलात." बस. त्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता शुद्धिपत्र काढतोय. सगळ्या नऊशे घरांना जाईल. छापखानेवाला म्हणतो गुरुजी, चुका कबूल करायला एवढा जाड कागद कशाला. म्हटलं, टिकला पाहिजे.

तुझा राग गेलेला नाही. पण तू लिहिलंस, हेही मी विसरणार नाही. आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
ज्ञानचंद


जळगाव,
२२ मे १९९२

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मी किती वेळा वाचलं त्याला हिशोब नाही. लग्न ठरल्याचं ऐकून आईने साखर वाटली. शेजाऱ्यांना कारण काही सांगितलं नाही, पण वाटली.

नवीन कार्ड, खरंच नवीन, खोक्यासकट, उद्याच्या धुळे गाडीच्या कंडक्टरकडे देतो. टोपी बसवलेली आहे. ती कोणी काढू नये. मशीन थांबलं तर थांबू द्यावं.

शुद्धिपत्र काल मिळालं. आता मी कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाही, म्हणून माझ्या यादीशी ताडून पाहिलं. सर, शुद्धिपत्रात एकेचाळीस चुका आहेत. माझ्या यादीत बेचाळीस. मी तीनदा मोजल्या. राहिलेली अशी: घर नंबर ६१८, तिसरा आकडा, छापलेला २६, खरा २२. छापखान्याच्या हातून सुटली असणार. आपली परवानगी असेल तर मी परस्पर त्यांना पत्र टाकतो, एक पुरवणी चिठ्ठी छापून होईल. तिचा छपाईचा भार माझ्याकडे. माझ्या चुकीमुळे आणखी एखाद्या घराचं काही वाकडं व्हायला नको.

आपला विद्यार्थी,
पितांबर


धुळे,
२६ मे १९९२

चि. पितांबर,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पोचलं. छापखान्याला लिहू नकोस. त्यांच्या हातून काही सुटलेलं नाही. ती ओळ मी काढली.

घर नंबर ६१८ म्हणजे सुगनचंदचं. तिसरा आकडा आजीचा, सुगनचंदच्या आईचा. आता भडगावची ४१२ ची ओळ काढ आणि दुसरा आकडा पाहा. तो बिघडलेला नाही. तिथे २२ आहे. मुलाच्या आईचं गोत्र.

तुझी यादी आली तेव्हा माझं बोट आधी ४१२ वर गेलं, आणि अर्ध्या मिनिटाने ६१८ वर. एका हाताने जे सोडवलं तेच दुसऱ्या हाताने बांधून ठेवलंस, असं देवाला म्हणावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भडगावला नाही, दोंडाईच्याला गेलो. तुझी यादी चुकली असेल या आशेने गेलो. सुगनचंदची जन्मदाती त्याला जन्म देऊन महिन्याभरात गेली. त्याला वाढवलं दुसऱ्या आईने, तिलाच तो आई म्हणतो आणि बोलणी झाली तेव्हा तिचंच गोत्र त्याने सांगितलं. जन्मदातीच्या माहेराचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. पण फॉर्म भरला होता त्याच्या वडिलांनी, आणि मीच छापील सूचनेत लिहिलं होतं की जन्मदात्या आईचं लिहावं. म्हाताऱ्याने लिहिलं. गेल्या दिवाळीत तो वारला. आज ते गोत्र त्या कागदाशिवाय कुणाला ठाऊक नाही.

बहिणीने पेटीतून फॉर्म काढून दिला. मी वाचला. २२ च. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यावरून तिला कळलं की पुन्हा काहीतरी निघालंय. चंदन आत ज्वारी पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. बहीण म्हणाली, "भाऊ, एकदा तू पुस्तकाचं ऐकलंस." मी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिला. तिने तो पेटीच्या तळाशी ठेवला आणि वर रजया टाकल्या.

तेव्हा भडगावला मी गेलो तो हे माहीत असून गेलो. त्या भल्या माणसासमोर एक चूक मोठ्याने कबूल केली आणि दुसरी तोंडात धरून बसलो. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखा खरं बोलणारा माणूस समाजात नाही." मी चहा प्यायलो.

मी ज्या नियमासाठी ही सगाई मोडली, तो नियम आजही मानतो. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात असं निघालं तर मी काय सांगेन मला माहीत नाही, आणि हे न माहीत असणं मला फार जड जातंय. पण ज्या बाईला तिच्या मुलाने पाहिलं नाही, जिचं नाव घरात कुणी घेत नाही, तिच्या माहेरासाठी ती पोर दुसऱ्यांदा साडी घडी घालून परत देईल, हे माझ्याच्याने होणार नाही. याला धर्म म्हणतात की दुबळेपणा, ते मला तू विचारू नकोस.

एकेचाळीस चुका तुझ्या कार्डाच्या. त्याबद्दल तुला जे बोललो ते बोललो. ही एक मी केली, चष्मा लावून, भर सकाळी, पूर्ण शुद्धीत. आता हे तिघांना माहीत आहे आणि तू परका आहेस म्हणूनच तुला सांगू शकलो. जीव हलका झाला असं मात्र नाही.

लग्न सात जूनला, दोंडाईच्याला. पत्रिका वेगळी येईल. तू ये, आईला आणि सूनबाईंना घेऊन ये, चंदन तुला ओळखेल. त्या दोन फ्लॉप्या मात्र घरी ठेवून ये.

तुझा,
ज्ञानचंद